युरोपच्या रेल्वेचं घोडं कुठे पेंड खातं?

बर्लिन आणि कोपनहेगन या दोन राजधान्यांमधलं सरळ रेषेतलं अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेने जायला आज सुमारे सात तास लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने वेगवान रेल्वेचा एक आराखडा जाहीर केला. हे सात तास २०३० पर्यंत चारवर आणायचे, असं त्यात म्हटलं आहे. सोफिया ते अथेन्स या प्रवासाला पावणेचौदा तासांच्या आसपास वेळ लागतो, तो २०३५ पर्यंत सहा तासांवर आणायचा आहे.

ही बातमी वाचून आपल्यापैकी अनेकांना प्रश्न पडतो, की मुळात सात तास लागतातच कसे? फ्रान्समध्ये १९८१ पासून टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी धावते. स्पेनकडे वेगवान गाड्यांसाठी बांधलेले सुमारे चार हजार किलोमीटरचे मार्ग आहेत. चीन सोडला तर जगात इतके कुणाकडे नाहीत. आणि तरीही जर्मनीत शिकणारी किंवा नोकरी करणारी आपली मुलं घरी फोन करतात तेव्हा गाडी पुन्हा लेट झाल्याची तक्रार हमखास असते. ती खरीही आहे. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडी तिथे वेळेवरच धरतात.

पळणाऱ्या गाड्या बनवणं युरोपला उत्तम जमतं. अडचण येते ती जोडांवर: एक देश संपून दुसरा सुरू होतो तिथे, नवा बोगदा जुन्या मार्गाला मिळतो तिथे, मालगाडी आणि एक्स्प्रेस एकाच रुळावर येतात तिथे. आधुनिकीकरणावर खर्च होणारे अब्जावधी युरो नेमके कशासाठी, हे या जोडांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

एक खंड, पण रेल्वे किती?

सुरुवात रुळांपासून. दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. पश्चिम आणि मध्य युरोपात ते बहुतेक ठिकाणी १४३५ मिलिमीटर आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये १६६८. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया हे बाल्टिक देश एकेकाळी रशियन साम्राज्यात होते, म्हणून तिथे रशियन पद्धतीचं १५२० मिलिमीटरचं गेज. स्पेनने रुंद गेज निवडलं ते फ्रेंचांची स्वारी रोखायला, अशी एक दंतकथा आहे. खरं कारण साधं होतं: मोठा बॉयलर बसवता यावा म्हणून १८४४ मध्ये तिथल्या अभियंत्यांनी तशी शिफारस केली. देशाच्या हद्दीपलीकडे गाडी नेण्याच्या विचाराला त्यात फारसं महत्त्व मिळालं नाही.

१९९२ मध्ये सुरू झालेला माद्रिद–सेव्हिल हा पहिला वेगवान मार्ग बांधताना स्पेनने जाणीवपूर्वक १४३५ हे गेज घेतलं. त्यामुळे पुढे फ्रान्सशी जोडणी सोपी झाली, पण देशातच दोन जाळी तयार झाली. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो. टाल्गो कंपनीच्या काही गाड्यांची चाकं सरकती असतात. गाडी एका खास शेडमधून हळूहळू पुढे जाते आणि जाता जाता चाकांमधलं अंतर बदलतं. प्रवाशाला जागेवरून उठावंही लागत नाही. आपल्याकडे मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन १४३५ मिलिमीटरवर येते आहे आणि बाकीचं ब्रॉडगेज १६७६ आहे, म्हणजे असंच दुहेरी जाळं उभं राहणार आहे.

मग वीज. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन आणि नॉर्वेत ओव्हरहेड वायरमध्ये १५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह असतो. बेल्जियम, इटली आणि पोलंडमध्ये मुख्यतः ३ हजार व्होल्ट डीसी, नेदरलँड्समध्ये दीड हजार. फ्रान्समध्ये दक्षिणेच्या जुन्या मार्गांवर दीड हजार डीसी आणि उत्तरेत व वेगवान मार्गांवर २५ हजार एसी. मुंबईकरांनी हा बदल प्रत्यक्ष पाहिला आहे. १९२५ पासून दीड हजार व्होल्ट डीसीवर धावलेली लोकल २५ हजार एसीवर आणायला अनेक वर्षं लागली, आणि मधल्या काळात दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. हे तर एकाच शहरातलं, एकाच मालकाचं काम होतं.

सिग्नलची गोष्ट याहून वाईट. युरोपात वीसहून जास्त राष्ट्रीय प्रणाली होत्या. गाडी लाल सिग्नल ओलांडू लागली तर आपोआप ब्रेक लावायचं कामसुद्धा प्रत्येक देश वेगळ्या यंत्राने करायचा. पॅरिसहून ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम आणि कोलोनला जाणाऱ्या थॅलिस गाड्यांना सात प्रणालींची यंत्रणा सोबत वागवावी लागे. भर म्हणून भाषा. विमानाचे पायलट कुठल्याही देशात इंग्रजीवर निभावून नेतात. रेल्वेच्या चालकाला मात्र ज्या देशातून गाडी न्यायची, तिथल्या रेल्वेची भाषा ठरलेल्या पातळीपर्यंत यावीच लागते, नाहीतर हद्दीवर चालक बदलायचा.

सगळीकडे एकच सिग्नल का लावत नाहीत?

ते काम सुरू आहे. त्या प्रणालीचं नाव ईटीसीएस. रुळांच्या मधोमध, स्लीपरवर, पिवळी किंवा काळी चपटी पेटी बसवलेली असते. गाडी वरून गेली की ती पेटी गाडीला तिचं नेमकं ठिकाण कळवते. पुढे किती अंतरापर्यंत आणि किती वेगाने जायची परवानगी आहे, हे पुढच्या पातळीच्या प्रणालीत रेडिओवरून थेट चालकासमोरच्या पडद्यावर येतं. चालकाने मर्यादा ओलांडली तर ब्रेक आपोआप लागतात. मार्गाकडेचे खांबावरचे सिग्नल नसले तरी चालतं. दिल्ली–मेरठ मार्गावरची नमो भारत याच युरोपीय प्रणालीवर धावते, आणि आपलं 'कवच' याच प्रकारचं काम करतं.

लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंड यांनी आपापलं मुख्य जाळं या प्रणालीखाली आणलं. मोठे देश मागे आहेत, त्यात जर्मनी ठळकपणे. अडचण पैशांची आहेच, पण खरी गोम खर्च कोण करतो आणि फायदा कुणाला होतो यात आहे. १९९१ पासून युरोपियन युनियनच्या कायद्यांनी रुळांचा हिशोब आणि गाड्यांचा हिशोब हळूहळू वेगळा केला. आता रुळांवर उपकरणं बसवणारी संस्था एक आणि इंजिनात यंत्र बसवणारी कंपनी दुसरी. इंजिनात यंत्रच नसेल तर रुळांवर खर्च कशाला, असं एक म्हणणार. मार्गच तयार नसेल तर इंजिनावर खर्च कशाला, असं दुसरा म्हणणार. मालवाहतुकीच्या छोट्या कंपन्यांना जुन्या इंजिनात हे बसवणं खरोखरच परवडत नाही. सरकारने दोघांचाही भार एकाच वेळी उचलला तरच ही कोंडी फुटते. छोट्या देशांना ते जमलं, कारण त्यांनी एक तारीख ठरवली आणि ती पाळली.

श्रीमंत जर्मनीच्या गाड्या लेट का?

एकपदरी घाटरस्ता डोळ्यांसमोर आणा. पुढे मालाने भरलेला ट्रक, मागे एसटी, तिच्यामागे नवीकोरी कार. कारचं इंजिन कितीही दमदार असो, घाट संपेपर्यंत ती ट्रकच्याच वेगाने चढणार. जर्मनीत ताशी अडीचशे किलोमीटरने धावू शकणारी आयसीई ही वेगवान गाडी, दर स्टेशनला थांबणारी लोकल आणि लांबलचक मालगाडी अनेक ठिकाणी एकाच मार्गिकेवर असतात. फ्रान्स आणि स्पेनने वेगवान गाड्यांसाठी वेगळे मार्ग बांधले, तेव्हा जुने मार्गही मालगाड्या आणि लोकलसाठी मोकळे झाले. जर्मनीने नवे तुकडे बांधले आणि ते जुन्यालाच जोडले.

शिवाय १९९४ मधल्या रेल्वे सुधारणेनंतर खर्च कमी करण्याच्या नादात कमी वापरातले सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) आणि बाजूचे रूळ काढून टाकले गेले. जाळं आकसलं आणि गाड्या वाढल्या. बाजूचा रूळ हा कागदावर फुकटचा खर्च दिसतो. एखादी मालगाडी बंद पडली आणि मागून येणाऱ्या गाड्यांना तिला ओलांडायला जागाच उरली नाही, की त्याची किंमत कळते.

आता तिथे मुंबईकरांच्या भाषेत मेगाब्लॉक सुरू आहेत, पण रविवारच्या काही तासांचे नव्हेत. फ्रँकफुर्ट–मानहाइम हा सुमारे सत्तर किलोमीटरचा, देशातल्या सर्वाधिक गर्दीच्या मार्गांपैकी एक असलेला पट्टा १५ जुलै ते १४ डिसेंबर २०२४ असा सलग पाच महिने पूर्ण बंद ठेवला. रूळ, सांधे, सिग्नल, ओव्हरहेड वायर आणि स्टेशनं एकदमच नवी केली. खर्च सुमारे १.३ अब्ज युरो. ऑगस्ट २०२५ पासून बर्लिन–हॅम्बुर्ग मार्गही असाच कित्येक महिन्यांसाठी बंद केला गेला.

रात्री दोन-चार तास घेऊन काम करता येत नाही का? अनेक वर्षं तेच केलं. रोज साहित्य आणायचं, पहाटे आवरायचं आणि गाड्या सोडायच्या, यात कामापेक्षा मांडामांडच जास्त होते आणि मार्ग वर्षानुवर्षं अर्धवट दुरुस्त राहतो. पूर्ण बंद ठेवणं मला योग्य वाटतं, पण एका अटीवर: ज्या मार्गाने गाड्या वळवायच्या, तो आधी धडधाकट करायला हवा. ही अट पाळली नाही तर काय होतं, ते जर्मनीने २०१७ मध्येच पाहिलं आहे.

रास्टाटची सात आठवड्यांची कोंडी

रॉटरडॅम बंदरातून निघणारा माल ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून वर येतो, स्वित्झर्लंडमधून आल्प्स ओलांडतो आणि इटलीतल्या मिलान, जिनोआपर्यंत जातो. युरोपातला हा मालवाहतुकीचा मुख्य कणा. त्यातल्या कार्ल्सरूहे–बाझेल टप्प्यावर जर्मनी आणखी दोन मार्गिका टाकत आहे. त्यासाठी रास्टाट गावाजवळ, चालू रेल्वेमार्गाच्या अगदी खालून बोगदा खणला जात होता. १२ ऑगस्ट २०१७ रोजी वरचे रूळ खचले. बोगदा पुढे ढासळू नये म्हणून खणणारं अजस्र यंत्र काँक्रीट ओतून तिथेच गाडून टाकावं लागलं.

मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. त्या सात आठवड्यांत मालगाड्या कुठून न्यायच्या? ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठाला, फ्रान्समधून समांतर रेल्वे जाते. पण तिथे जर्मन इंजिनांना वीज चालेना, सिग्नलची यंत्रं जुळेनात आणि फ्रेंच येणारे चालक पुरेसे मिळेनात. जर्मनीतल्या पर्यायी मार्गांपैकी काहींवर ओव्हरहेड वायरच नव्हती, काहींवर दुरुस्ती सुरू होती. रुळांची काही मीटर लांबी खचली आणि अर्ध्या खंडाचा माल अडकला. कंटेनर ट्रकवर आणि नदीतल्या बार्जवर गेले, आणि त्यातले काही ग्राहक रेल्वेकडे परतायला कचरले.

वीज, सिग्नल, भाषा आणि पर्यायी मार्ग ही वर सांगितलेली चारही दुखणी रास्टाटला एकाच वेळी उघडी पडली. आधुनिकीकरण म्हणजे नव्या चकचकीत गाड्या असं ज्यांना वाटतं, त्यांना मी नेहमी हेच उदाहरण सांगतो.

यातली बोचरी बाब अशी, की स्वित्झर्लंडने आपल्या वाट्याचं सर्वात मोठं काम वर्षभर आधीच संपवलं होतं. ५७ किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड बोगद्याचं उद्घाटन जून २०१६ मध्ये झालं. आल्प्सच्या पोटातून जवळजवळ सपाट जाणारी ही रेल्वे स्विस मतदारांनी १९९२ मध्ये सार्वमताने मंजूर केली होती, आणि १९९४ मध्ये आल्प्स ओलांडणारी मालवाहतूक ट्रकवरून रेल्वेवर आणायचं थेट राज्यघटनेत लिहून घेतलं. उंच ट्रेलर वाहून नेणाऱ्या गाड्या पुढेही बिनअडथळा जाव्यात म्हणून इटलीच्या हद्दीतल्या कामांसाठीही स्विसांनी स्वतःचे पैसे दिले. उत्तरेकडच्या जर्मन मार्गिका मात्र अजूनही पूर्ण झालेल्या नाहीत.

तीनशेच्या वेगाशिवाय आधुनिक होता येतं का?

येतं, आणि याचंही उत्तर स्वित्झर्लंडकडेच आहे. १९८७ मध्ये तिथल्या लोकांनी 'बान २०००' या योजनेला कौल दिला. इतर देश आधी मार्ग बांधतात आणि मग त्यावर वेळापत्रक बसवतात. स्विसांनी आधी वेळापत्रक ठरवलं. मोठ्या जंक्शनवर सगळ्या दिशांच्या गाड्या एका ठरावीक मिनिटाच्या थोडं आधी येतील, लोक फलाट बदलतील आणि सगळ्या गाड्या पुन्हा निघतील. दर तासाला हेच, दिवसभर.

हे साधायला झुरिक–बर्न प्रवास तासाच्या आत बसणं भाग होतं. म्हणून मधल्या पट्ट्यात सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला, तोही ताशी २०० किलोमीटरचा. तीनशेच्या वेगासाठी आणखी पैसे घालून गाडी आठ मिनिटं लवकर आली असती, तरी पुढच्या गाडीसाठी फलाटावर आठ मिनिटं थांबावंच लागलं असतं. डिसेंबर २००४ मध्ये नवं वेळापत्रक लागू झालं. प्रवाशाचा घर ते मुक्काम हा एकूण वेळ कमी झाला, आणि प्रवाशाला तोच मोजायचा असतो. गाडीचा कमाल वेग किती, हे बातमीच्या मथळ्याला शोभतं.

मालगाड्यांत आपण पुढे आहोत

हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. युरोपात आजही बहुतेक मालवाहू वाघिणी जोडण्यासाठी कामगाराला दोन वाघिणींच्या मध्ये शिरून जड साखळी हुकात अडकवावी लागते आणि हाताने स्क्रू पिळून ती ताणावी लागते. भारतात आपोआप जोडले जाणारे कपलर केव्हाच आले. स्क्रूच्या जोडणीला ओढ सोसण्याची मर्यादा असते, म्हणून गाडीचं वजनही मर्यादित राहतं. मुख्य मार्गांवर ७४० मीटर लांबीची मालगाडी धावू शकली पाहिजे, हे युरोपियन युनियनचं उद्दिष्ट आहे. आपला समर्पित मालवाहतूक मार्ग दीड किलोमीटरच्या गाड्यांसाठी आखला आहे. कंटेनरवर कंटेनर रचायचं तर युरोपात सोडूनच द्या, जुन्या बोगद्यांची उंचीच पुरत नाही. आपोआप जुळणारे नवे डिजिटल कपलर तयार आहेत, चाचण्याही झाल्या आहेत. पण हद्दीपार फिरणाऱ्या लाखो वाघिणी टप्प्याटप्प्याने कशा बदलायच्या, हा पेच सुटलेला नाही. जुना आणि नवा कपलर एकमेकांना जुळत नाहीत.

खर्च दरवेळी दुप्पट-चौपट का होतो?

रेल बाल्टिका घ्या. टालिन, रिगा आणि काउनासवरून पोलंडला मिळणारा, तिन्ही बाल्टिक देशांत मिळून ८७० किलोमीटरचा, १४३५ गेजचा नवाकोरा मार्ग. २०१७ मध्ये अंदाज होता ५.८ अब्ज युरोंचा. २०२४ मध्ये तो २४ अब्जांच्या आसपास गेला. आता आधी २०३० पर्यंत मर्यादित स्वरूपात मार्ग सुरू करायचा आणि उरलेलं नंतर, असं ठरलं आहे. जर्मनीत श्टुटगार्टचं टर्मिनस जमिनीखाली नेण्याचं काम २०१० मध्ये सुरू झालं. २०१९ ला उद्घाटन होणार होतं, ते २०२५ संपलं तरी झालेलं नाही, आणि साडेचार अब्जांचा अंदाज अकरा अब्जांपलीकडे गेला आहे.

भ्रष्टाचार असं एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होता येईल, पण ते पुरेसं नाही. पहिला अंदाज राजकीय मंजुरीसाठी लागतो, आणि तेव्हा जमिनीखाली काय आहे याची पूर्ण तपासणी झालेली नसते. मंजुरीनंतर स्थानिक लोक आवाजरोधक भिंती मागतात, गावाबाहेरून वळण मागतात, आणि त्यांच्या मागण्या बऱ्याचदा रास्त असतात. त्यात कोविड आणि युक्रेनच्या युद्धानंतर पोलाद, सिमेंट, मजुरी सगळंच महागलं. तरी मला रेल बाल्टिका चुकीची वाटत नाही. या तीन देशांचे जुने रूळ गेजने रशियाशी जुळतात आणि आपल्याच युनियनमधल्या पोलंडशी जुळत नाहीत. शेजारी युद्ध सुरू असताना रणगाडे आणि रसद हद्दीवर उतरवून पुन्हा चढवायची वेळ आली तर ती किती महाग पडेल, याचा हिशोब नफ्या-तोट्याच्या तक्त्यात सहज बसत नाही. खर्चाचा मोठा भाग युरोपियन युनियन उचलतं, तेही याचसाठी.

मग कोपनहेगन चार तासांत खरंच येणार का?

हे मुख्यतः फेमार्नबेल्ट बोगद्यावर अवलंबून आहे. जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यामधल्या १८ किलोमीटरच्या समुद्रपट्टीवर पूर्वी रेल्वेचे डबे चक्क जहाजात चढवून नेत. डिसेंबर २०१९ मध्ये ते थांबलं, आणि गाड्या फ्लेन्सबुर्गकडून लांबचा वळसा घेऊ लागल्या. आता तिथे समुद्रतळावर चर खणून त्यात काँक्रीटचे ८९ महाकाय तुकडे ओळीने बसवायचे आहेत. साध्या तुकड्याची लांबी सव्वादोनशे मीटरच्या जवळपास आणि वजन सत्तर हजार टनांहून जास्त. किनाऱ्यावरच्या कारखान्यात तो बनतो, तरंगत नेला जातो आणि चरात बसवला जातो. रेल्वेने हा समुद्र सात मिनिटांत पार होईल.

बोगदा २०२९ ला उघडायचा होता. पण जर्मनीच्या किनाऱ्यापासून ल्युबेकपर्यंतचा ८८ किलोमीटरचा जोडमार्ग तोवर तयार होणार नाही, हे जर्मन रेल्वेनेच २०२५ मध्ये कळवलं. समुद्राखालचं अवघड काम एकीकडे आणि जमिनीवरचं साधं काम दुसरीकडे, आणि उशीर दोन्हीकडे. २०३० ही तारीख मी तरी धरून चालणार नाही.

विमान स्वस्त असताना एवढा अट्टहास कशाला?

विमान स्वस्त दिसतं, त्यात कराचा वाटा आहे. विमानाच्या इंधनावर युरोपात सहसा कर लागत नाही, आंतरराष्ट्रीय तिकिटावर व्हॅटही सहसा नसतो. रेल्वेला बऱ्याच देशांत विजेवर कर भरावा लागतो आणि प्रत्येक किलोमीटरला रूळ वापरण्याचं भाडंही. युरोपियन युनियनच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे एक चतुर्थांश वाहतुकीतून येतात. त्या वाहतुकीतला रेल्वेचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. आणि स्पर्धा आली की रेल्वेही स्वस्त होते. इटलीत २०१२ मध्ये इटालो ही खाजगी गाडी आली, स्पेनमध्ये २०२१ आणि २०२२ मध्ये विगो आणि इर्यो आल्या, आणि दोन्हीकडे भाडी उतरली, प्रवासी वाढले.

राहिला शेवटचा जोड, तिकिटाचा. तीन देशांतून जाणाऱ्या प्रवासाचं एकच तिकीट मिळवणं अजूनही कटकटीचं आहे. युरोपला जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: शक्यतो संपूर्ण प्रवासाचं एकत्र तिकीट घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली तर तिचे पैसे सहसा बुडतात. एकत्र तिकिटावर पोहोचायला तासाभराचा उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांना ५० टक्के परत मागता येतात. मात्र अतिवृष्टी किंवा महापुरासारख्या असाधारण कारणाने गाडी रखडली असेल, तर ही भरपाई नाकारता येते.